न आवडलेल्या फ्लेवर्ड चहाचं काय करायचं?

टाकू नका, आधी डब्यावरचे घटक वाचा. जास्वंद किंवा लिंबू असेल तर दुधाच्या पदार्थांत नको, दूध फाटतं. दालचिनी, वेलची किंवा व्हॅनिलाचा चहा मात्र शिऱ्यात छान लागतो. वाटीभर रव्याला दोन वाट्या उकळतं पाणी, त्यात दोन चमचे चहा, तीन मिनिटं झाकण. गाळून तेच पाणी भाजलेल्या रव्यात घाला.

फळांच्या स्वादाच्या चहाचा पाक करा. वाटीभर साखर वाटीभर पाण्यात उकळा, गॅस बंद करा आणि मगच दोन चमचे चहा घाला. दहा मिनिटांनी गाळा. पत्ती पाकात उकळली किंवा गाळणीत चमच्याने दाबली की तुरटपणा उतरतो, आणि तो साखरेला दाद देत नाही. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये दोन आठवडे टिकतो. एप्रिलच्या पुणेरी उन्हात दोन चमचे पाक, सोडा आणि लिंबू. सरबताची पावडर कशाला हवी?

अर्ल ग्रे, म्हणजे बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या स्वादाचा काळा चहा, मनुका भिजवायला वापरा.

उरलेली कोरडी पत्ती सुती पुरचुंडीत बांधून चपलांच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात ती लवकर दमट होते, बदलली नाही तर बुरशी येते. चहाच्या नायलॉनच्या पिशव्या ओल्या कचऱ्यात चालत नाहीत, कापून फक्त पत्ती टाका.