गणिताआधीचं मोकळं वर्ष

बारावी झाली, घरच्या आजारपणात प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या, आता पुढच्या जूनपर्यंत एफवायची पुस्तकं संपवून टाकू का, असं तू विचारलंयस. माझं स्पष्ट मत: नको. ती कॉलेजात होतीलच.

बारावीपर्यंत आपण उत्तर काढतो. पुढे सिद्धता लिहावी लागते, आणि भलेभले अडखळतात ते तिथेच. हे वर्ष त्यासाठी ठेव.

पाठ असलेलीच घे: √२ अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात मांडता येत नाही. पुस्तक न बघता लिही. मग २ च्या जागी ४ घाल. √४ तर २ आहे, म्हणजे सिद्धता कुठेतरी मोडायलाच हवी. नेमकी कुठल्या ओळीत? वर्ग २ ने विभाज्य असेल तर संख्याही २ ने विभाज्य असते. पण वर्ग ४ ने विभाज्य आहे म्हणून संख्या ४ ने विभाज्य असेलच असं नाही. ६ घेऊन बघ. आता १२ घे. तीच ओळ इथेही मोडते, तरी √१२ अपरिमेयच आहे! मग सिद्धता वाचवायची कशी? यात दोन दिवस गेले तरी जाऊ देत, उत्तर शोधायला गूगलवर जाऊ नकोस. एनपीटीईएलची, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं फुकट आहेत, चांगलीही आहेत. पण नुसती बघून हात वळत नाही.

परीक्षाही दे. आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बंगळुरूच्या बी.मॅथची, म्हणजे गणिताच्या पदवीची, आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा साधारण मे महिन्यात असते. आयएसआयच्या वर्णनात्मक पेपरात आठच प्रश्न, पण पूर्ण मांडणी लिहायची. प्रवेश मिळो न मिळो, तयारी वाया जात नाही. जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर आहेत.

पुण्याच्या आसपास असशील तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात चौकशी कर. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेली ही संस्था, गणिताचं ग्रंथालयही आहे.

जमलं तर आठवी-नववीची एक-दोन मुलं शिकवायला घे. ऋण गुणिले ऋण धन का, हे त्यांना पटवून देताना आपल्याला किती कळलंय ते लगेच समजतं. शिवाय चार पैसे मिळतील, घरी सध्या त्याचीही गरज असेल.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजं गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते आधीच करून ठेव. दवाखान्याचे कागदही फाईलमध्ये असू देत.