विचारा, खेळूया : सिंह हरत नाही, कारण आपण दार सोडत नाही

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. 'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम पूर्ण केला, लेव्हल १५०. आता त्याचा विस्तार 'शॅडो ऑफ द अर्डट्री' घेतला, तर पहिला मोठा बॉस (तगडा शत्रू), डिव्हाइन बीस्ट डान्सिंग लायन, दोनतीन फटक्यांत लोळवतो. तीन आठवडे झाले. हात मंदावले म्हणायचे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, हात शाबूत आहेत. मूळ खेळातल्या मोहग या बॉसला हरवल्याशिवाय या डीएलसीत, म्हणजे विस्तारात, पाऊलच टाकता येत नाही, आणि ते तुम्ही केलंय. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी.

१५० नंतर एक लेव्हल वाढवायला सुमारे दीड लाख रून्स (खेळातलं चलन) जातात आणि लढाईत फरक जाणवतो नखाएवढा. विस्तारातल्या शॅडोच्या प्रदेशात ताकद मोजतात स्कॅड्यूट्रीच्या तुकड्यांवर. ग्रेसपाशी, म्हणजे विसाव्याच्या जागी, बसून ते वापरले की तुमचा फटका जड होतो आणि अंगावर येणारा मार हलका. एकूण २० पायऱ्या, त्यांना ५० तुकडे. जून २०२४ मध्ये विस्तार आला, तेव्हा सगळीकडून 'फार अवघड' अशी ओरड झाली. आठवड्याभरात आलेल्या अपडेटमध्ये मुख्यतः सुरुवातीच्या पायऱ्यांचा जोर वाढवला. म्हणजे पहिले चारसहा तुकडेच सर्वांत मोलाचे!

मीही बेल्युरात या ठिकाणी, याच सिंहाच्या धुक्याच्या दारात अडकले होते. रात्री पोरं झोपली की अकरा ते साडेबारा, रोज तेच दार. आठव्या रात्री चिडून टॉरंटवर, खेळातल्या घोड्यावर, बसले आणि ग्रेव्हसाइटच्या माळावर निघून गेले. वाटेतल्या मिकेलाच्या क्रॉसपाशी (खुणेच्या क्रूसापाशी) तुकडे मिळाले. पडक्या चर्चमध्ये, मरिका देवीच्या मूर्तीच्या पायाशी मिळाले. डोक्यावर मडकं घेतलेल्या सावल्या नुसत्या उभ्या असतात, त्यांना मारलं की त्यांच्याकडूनही मिळतात. दोन रात्री हेच केलं. परत आले तेव्हा त्याच चाव्यानंतर माझी निम्मी हेल्थ शिल्लक होती. त्या क्षणी अंगावर काटा आला.

आता सिंहाबद्दल. त्याच्या पायांकडे नीट बघा. कातड्याखाली नाचणारी माणसं आहेत, लायन डान्समध्ये असतात तशीच. तोंड कितीही वळवळलं तरी लय त्या पायांत आहे. तुम्ही डोक्याला लॉक लावत असणार, म्हणजे कॅमेरा त्यावर खिळवत असणार. अंगाशी गेलात की तो लॉक कॅमेऱ्याला गरगर फिरवतो आणि काही दिसेनासं होतं. लॉक सोडा, मागच्या पायांशी चिकटून राहा. चावायला आला की मागे पळू नका, त्याच्या कुशीकडे रोल (कोलांटी) मारा. पुढे तो वीज, बर्फ आणि वारा आळीपाळीने अंगावर घेतो. तेव्हा हाव धरायची नाही : उडी मारून आदळला की आधी लांब व्हायचं, मग एकच फटका.

दाराबाहेर फ्रेया या खेळातल्या योद्धीला मदतीला बोलावण्याची (समनची) खूण असते. तिला बोलवायला अजिबात लाजू नका, ती खेळातच दिलेली आहे.

आज रात्री मात्र दाराकडे जाऊ नका. आधी माळ फिरा, आणि किती तुकडे जमले ते मला जरूर कळवा.