बँडस्टँड, बँडशेल आणि आपला 'खुला रंगमंच'

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या मैफलींच्या जागेचा इतिहास मराठीत आणताना एक भाषांतरकार अडले आहेत. मूळ मजकुरात आधी 'बँडस्टँड' येतो, नंतर 'बँडशेल'. त्यांनी दोन्हींसाठी 'खुला रंगमंच' लिहिलं आणि आता विचारतात, हे चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. वाक्य कसं होतं बघा: '१८६२चा खुला रंगमंच जाऊन १९२३ साली खुला रंगमंच आला.' मग बदललं काय? जो बदल सांगायचा आहे तोच या शब्दाखाली झाकला जातो.

जेकब रे मोल्ड यांनी १८६२मध्ये उभारलेला बँडस्टँड ओतीव लोखंडाचा होता. वर छत, खाली चौथरा, मध्ये खांब, भिंत कुठेच नाही. वादक मधोमध आणि लोक चारी बाजूंना, बसलेले किंवा फेरफटका मारणारे. पितळी वाद्यांच्या बँडला हे छान मानवतं, कारण ती वाद्यं मुळातच दणदणीत. व्हायोलिनचा नाजूक स्वर मात्र अशा जागी चहूकडे पांगतो आणि दहा-पंधरा रांगांपलीकडे विरून जातो. याच बागेत १९०५पासून एल्कन नॉमबर्ग या बँकव्यावसायिकांनी वाद्यवृंदाच्या विनामूल्य मैफली सुरू केल्या. पुढे १९२३मध्ये त्यांच्याच देणगीतून चुनखडीच्या दगडाचा बँडशेल उभा राहिला. त्याची पाठ बंद आहे आणि वर आतून चौकटी कोरलेला अर्धा घुमट. मागे आणि वर जाणारा आवाज त्या वळणावर आपटून श्रोत्यांकडे परततो. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती हात धरतो ना, तेच काम दगडाने केलेलं.

म्हणजे एका शब्दात सगळीकडे उघडी जागा आहे, दुसऱ्यात आवाजाला दिशा देणारी. मराठी शब्दांनीही हा फरक दाखवायला हवा.

बँडस्टँडला मी 'वाद्यमंडप' म्हणेन. खांबांवर तोललेलं छत आणि मोकळ्या बाजू हे मंडप म्हणताच डोळ्यांपुढे येतं. 'छत्री' हा शब्द आकाराने अगदी चपखल आहे, त्याचा मोहही होतो. पण मराठीत छत्री म्हटलं की पावसाळा तरी आठवतो नाहीतर समाधी.

बँडशेलसाठी कुणी 'शिंपलामंच' सुचवेल. तो मला पटत नाही. इंग्रजीत 'शेल' हा शब्द शिंपला, कवच, करवंटी असा सगळीकडे फिरतो, आपला शिंपला समुद्रकिनारा सोडत नाही. त्यापेक्षा 'अर्धघुमटी मंच' घ्या. घुमट हा फारसी 'गुंबद'वरून आलेला आणि 'घुमणे' आपलं, दोघांचं कूळ वेगळं. पण मराठी कानाला ते सख्खे भाऊ वाटतात आणि इथे त्याचा फायदाच होतो: घुमट म्हणताच आवाज ऐकू येतो.

'रंगमंच' शब्दावर माझा राग नाही, हेही सांगायला हवं. तो नाटकाचा, गाण्याला कसा लावायचा, असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. पण मैफलही रंगतेच की! दोन्ही वास्तूंबद्दल एकत्र बोलायचं असेल तिथे 'खुला रंगमंच' बिनदिक्कत वापरा.

त्यांनी एके ठिकाणी 'अँफिथिएटर'ही लिहिलंय, ते मात्र काढावं. ग्रीक 'अँफि' म्हणजे दोन्ही बाजूंनी, सभोवार. रोमच्या कलोसियममध्ये प्रेक्षक गोल वेढा घालून बसत, ते खरं अँफिथिएटर. आता अर्धवर्तुळाकार पायऱ्यांनाही सर्रास तेच म्हणतात, ते एक वेळ सोडून देऊ. पण सेंट्रल पार्कमध्ये बँडशेलपुढे सपाट आवार आहे. पायऱ्यांची उतरण तिथे नाहीच.

विशेषनाम तसंच राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथे 'नॉमबर्ग बँडशेल हा अर्धघुमटी मंच' असं लिहा, पुढे नुसतं 'अर्धघुमट' पुरेल. आणि ते वाक्य असं करा: '१८६२चा वाद्यमंडप जाऊन १९२३ साली अर्धघुमटी मंच आला.'