'युरोपीय परिषद' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न असा आहे: 'मार्च २०२२ मध्ये युरोपीय परिषदेने रशियाला बाहेर काढल्याचे वाचले होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच युरोपीय परिषदेत हंगेरीने नकाराधिकार वापरून युक्रेनची मदत रोखल्याचे वाचले. रशिया युरोपीय संघात कधी नव्हताच, मग त्याला काढले कुठून? आणि हा शब्द बरोबर आहे का?'

दोन्ही बातम्या खऱ्या, पण परिषदा वेगवेगळ्या. शिवाय तिसरीही एक आहे, आणि मराठी बातमीत तिघींना मिळून एकच नाव पडते. यात मराठीचा दोष थोडाच आहे. 'कौन्सिल ऑफ युरोप', 'युरोपियन कौन्सिल' आणि 'कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन' ही मूळ नावेच गोंधळाची आहेत. फ्रेंचमध्येही तीच गत.

रशिया गेला तो पहिलीतून, म्हणजे 'कौन्सिल ऑफ युरोप'मधून. लंडनच्या कराराने ५ मे १९४९ रोजी दहा देशांनी ती स्थापन केली, मुख्यालय स्ट्रासबर्गला. ती युरोपीय संघाचा भाग नाही, त्याच्याआधीची स्वतंत्र संघटना आहे. आज तिचे ४६ सदस्य आहेत. संघाचे २७ देश त्यात आहेतच, शिवाय ब्रिटन, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान, युक्रेनही आहेत. लोकशाही, मानवी हक्क आणि कायद्याचे राज्य हे तिचे कार्यक्षेत्र. तिच्याकडे ना बाजारपेठ, ना चलन, ना निर्बंध लादण्याची यंत्रणा. रशिया १९९६ मध्ये सदस्य झाला आणि १६ मार्च २०२२ रोजी त्याचे सदस्यत्व संपले. लष्करी राजवटीतला ग्रीसही १९६९ मध्ये असाच बाहेर पडला होता, हकालपट्टी व्हायच्या आत. लोकशाही आल्यावर १९७४ मध्ये परतला.

हंगेरीने अडवणूक केली ती दुसरीत, म्हणजे 'युरोपियन कौन्सिल'मध्ये. संघातल्या २७ देशांचे राष्ट्राध्यक्ष किंवा पंतप्रधान तिच्यात बसतात, तेही ब्रसेल्समध्ये. तिसरीत, म्हणजे 'कौन्सिल ऑफ द युरोपियन युनियन'मध्ये, त्याच देशांचे मंत्री बसतात: शेतीचा विषय असेल तर कृषिमंत्री, पैशाचा असेल तर अर्थमंत्री. नेत्यांची परिषद दिशा ठरवते, कायदे करत नाही. कायदे होतात ते मंत्र्यांच्या परिषदेत, युरोपीय संसदेच्या जोडीने.

आता 'परिषद' या शब्दाकडे. मराठीत तो दोन कामे करतो. जिल्हा परिषद, विधान परिषद, सुरक्षा परिषद या संस्था. गोलमेज परिषद, पत्रकार परिषद, शिखर परिषद या बैठका. हिंदीला बैठकीसाठी 'सम्मेलन' वापरता येते; आपल्याकडे संमेलन म्हटले की साहित्य आठवते. त्यामुळे नुसते 'युरोपीय परिषद' वाचून ती भरली होती की ती आहे, हेच कळत नाही. गंमत म्हणजे नेत्यांच्या परिषदेचे आयुष्यही असेच गेले आहे. १९७४ मध्ये ठरले तेव्हा ती निव्वळ नेत्यांची नियमित बैठक होती; संघाचा लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी लागू झाला तेव्हा ती रीतसर संस्था झाली आणि तिला अडीच वर्षांच्या मुदतीचा अध्यक्ष मिळाला.

म्हणून माझी शिफारस अशी. पहिलीला 'युरोप परिषद' म्हणावे, 'युरोपीय' नव्हे, आणि पहिल्या उल्लेखात 'स्ट्रासबर्गस्थित, ४६ देशांची' हे जोडावे. नुसत्या विशेषणाच्या फरकावर विसंबू नये. घाईत वाचणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. दुसरीच्या बैठकीला 'युरोपीय संघाची शिखर परिषद' चालेल, पण संस्था म्हणून उल्लेख असेल तर 'संघाच्या नेत्यांची परिषद' म्हणावे. अंतोनियो कोस्टा डिसेंबर २०२४ पासून तिचे अध्यक्ष आहेत. त्यांचे घराणे मूळचे मडगावचे, त्यामुळे आपल्याकडे त्यांचे कौतुक जास्त आणि 'युरोपचे अध्यक्ष' असे लिहिण्याचा मोहही जास्त. तसे पदच नाही. उर्सुला फॉन डेर लायन अध्यक्ष आहेत त्या युरोपीय आयोगाच्या, म्हणजे संघाचा कारभार चालवणाऱ्या संस्थेच्या.

तिसरीला 'मंत्रिपरिषद' म्हणावेसे वाटते, पण तो शब्द आपल्या राज्यघटनेत सरकारसाठी आला आहे. संघाची ही परिषद सरकार नव्हे, कायदेमंडळाचे एक सभागृह आहे. 'मंत्र्यांची परिषद' असे सुटे लिहावे.

'नकाराधिकार' हा शब्दही जपून वापरावा. सुरक्षा परिषदेत तो पाच जणांचा खास हक्क आहे. संघात असा खास हक्क कोणाकडेच नाही. काही विषयांना एकमत लागते, म्हणून २७ पैकी कोणीही एक जण काम अडवू शकतो. परराष्ट्र धोरण, कर, नवे सदस्य हे त्यातले मुख्य विषय. रशियावरच्या आर्थिक निर्बंधांना दर सहा महिन्यांनी मुदतवाढ द्यायला एकमत लागे, म्हणून ती तारीख जवळ आली की घासाघीस सुरू होई. बाकी बहुतेक कायद्यांना विशेष बहुमत पुरते: किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्या देशांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. तिथे 'हंगेरीने नकाराधिकार वापरला' हे वाक्य चूकच.

एकमत आणि सहमती यांतही फरक आहे, आणि तो कामाचा आहे. नेत्यांची परिषद सहसा मतदान घेत नाही. कोणी हरकत घेतली नाही की सहमती झाली. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायचा निर्णय झाला तेव्हा हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान दालनाबाहेर गेले होते. त्याच बैठकीत ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी हरकत घेतली. ती १ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर झाली. पहिला निर्णय 'एकमताने' झाला असे लिहिले तर ओर्बान यांचीही संमती होती असा अर्थ निघतो. 'सहमतीने' लिहावे.

न्यायालयांचेही हेच दुखणे. 'युरोपीय न्यायालयाने हंगेरीला २० कोटी युरोंचा दंड केला' ही जून २०२४ ची बातमी लक्झेंबर्गच्या न्यायालयाची, म्हणजे संघाची. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हवामानबदलावरून स्वित्झर्लंडविरुद्ध निकाल देणारे न्यायालय स्ट्रासबर्गचे, युरोप परिषदेच्या मानवी हक्क करारावर उभे असलेले. स्वित्झर्लंड संघात नाही, तेव्हा संघाचे न्यायालय त्याला असे दोषी ठरवूच शकत नाही.

बातमी भाषांतरित करताना आधी देश पाहावा. ब्रिटन, तुर्कस्तान किंवा स्वित्झर्लंड सदस्य म्हणून बोलत असेल तर ती युरोप परिषद. मग कोण बसले होते ते पाहावे: पंतप्रधान की खात्याचे मंत्री. गाव शेवटी, कारण गाव फसवते. युरोपीय संसदेची मासिक अधिवेशनेही स्ट्रासबर्गलाच भरतात, आणि मंत्र्यांची परिषद एप्रिल, जून व ऑक्टोबरमध्ये लक्झेंबर्गला जाते. ध्वजावरून तर काहीच ओळखता येत नाही: निळ्यावर बारा ताऱ्यांचा ध्वज १९५५ मध्ये युरोप परिषदेने स्वीकारला, आणि संघाने तो नंतर तिच्याकडूनच घेतला.