'ऐकलं' की 'ऐकून घेतलं'?

प्रश्न असा आलाय की "काल रात्री दोस्ताचं सगळं ऐकून घेतलं" असं एकानं लिहिलं, तर दुसरा म्हणतो, का रं, भांडण झालं काय? ऐकून घेणं म्हणजे बोलणी खाणं ना?

दोन्ही अर्थ खरे आहेत. आमच्या सांगलीकडं "मी काय म्हणून ऐकून घेऊ त्याचं?" हेही रोज कानावर येतं आणि "आधी ऐकून तर घे की गड्या" हेही. मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, उलट न बोलणं. साहेबापुढं नाइलाजानं गप्प बसतो, दोस्तापुढं मायेनं. नुसतं "दोस्ताचं ऐकलं" म्हणून भागत नाही, कारण मग त्याच्या सांगण्याप्रमाणं वागलो असा अर्थ होतो, पोरगं ऐकत नाही म्हणतो ना, तसलं ऐकणं. 'घेणं' जोडलं की ते समजून घेणं, सांभाळून घेणं यांच्या पंगतीला बसतं.

2019 च्या पुराचं पाणी गणपती पेठेतनं उतरल्यावर एक दोस्त दुकानातला चिखल काढता काढता मध्येच पायरीवर बसला आणि बोलायला लागला, भिजलेल्या पोत्यांपासनं सुरू झालं ते वडिलांच्या आजारपणापर्यंत गेलं, मला विम्याचं, पंचनाम्याचं सगळं सांगायचं होतं पण मी नुसतं "व्हय" आणि "मग रं?" एवढंच म्हणत राहिलो. याला ऐकून घेणं म्हणतात, दुसरा नेमका शब्द मला तरी सापडत नाही.

आता बोलणाऱ्याच्या बाजूनं बघा. आपण सांगतो कुणाला तरी, बोलतो कुणाशी तरी, पण मन मोकळं करतो ते कुणापाशी किंवा कुणाजवळ. "दोस्ताला मन मोकळं केलं" असं हल्ली वाचायला मिळतं ते मला खटकतं, 'दोस्तापाशी'च पाहिजे, मग तो पुण्यात असू दे आणि बोलणं फोनवर होऊ दे. "ओपन झालो" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण त्यात ऐकणारा माणूस गायब होतो. 'पाशी' म्हटलं की कुणापाशी ते सांगावंच लागतं.

तर मूळ वाक्य अगदी बरोबर आहे. घोळ नको असेल तर 'शांतपणे' जोडा. आणि खरंच बोलणी खाल्ली असतील तर मराठी माणूस बहुतेक वेळा "ऐकून घ्यावं लागलं" म्हणतो, त्या 'लागलं'मध्येच सगळं आलं.