कॅप्चर कार्ड लावलं की खेळताना लॅग येतो का? आणि स्वस्तातलं कार्ड चालेल का?

तुम्ही विचारलंय की पीएस४ (प्लेस्टेशन ४) वरचा खेळ घरच्या पीसीवर रेकॉर्ड करायचाय, हजाराच्या आतलं यूएसबी कॅप्चर कार्ड (कन्सोलचं चित्र पीसीत घेणारा छोटा डबा) चालेल का, आणि 'मित्र म्हणतो कार्डामुळे लॅग येतो' हे खरं का. कार्डाचं खाली सांगतो. आधी तुमच्या मित्राचं बघू, कारण असाच एक मित्र माझ्या सासुरवाडीत आहे.

लॅग म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला लागणारा उशीर. तो तुम्ही कुठल्या पडद्याकडे बघून खेळता त्यावर असतो. कार्डातून पीसीत गेलेलं चित्र ओबीएसच्या (रेकॉर्डिंगच्या मोफत सॉफ्टवेअरच्या) खिडकीत दिसतं ते उशिरा दिसतं. स्वस्त कार्डावर १०० मिलिसेकंदांच्या आसपास, कधी त्याहून जास्त. त्या खिडकीकडे बघून खेळलात तर हरणारच. पण कार्डाला दुसरं एचडीएमआय तोंड असेल, म्हणजे सिग्नल आत घेऊन तसाच टीव्हीकडे सोडणारं, तर टीव्हीवर जाणारं चित्र पीसीसाठी थांबत नाही. ओबीएस बंद असलं तरी ते जातं. कार्डाला असं तोंड नसेल तर एक आत-दोन बाहेर असा एचडीएमआय स्प्लिटर लावा, एक वायर टीव्हीला, एक कार्डाला. खेळणाऱ्याला फरक कळण्याइतका उशीर यात कुठेच होत नाही.

आता आमची कथा. सांगलीत विश्रामबागला आमच्या गल्लीचं मंडळ आहे. संगीत खुर्चीला पोरं येईनात म्हणून एका गणपतीत फिफाची (फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची) स्पर्धा ठेवली. पीएस४ माझा, कार्ड माझं, माझा असेंबल केलेला पीसी स्टेजच्या मागं ठेवलेला. टीव्हीची जबाबदारी मेहुण्याकडं. त्यानं कुणाच्या तरी हॉलमधला ५५ इंची उचलून आणला आणि मांडवात लांबून उठून दिसावं म्हणून पिक्चर मोड 'डायनॅमिक'वर टाकला. हिरवळ अशी हिरवी की डोळ्यात पाणी. पब्लिक खूश.

फायनलला मेहुणा स्वतः आणि समोर वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचा एक किडकिडीत पोरगा. एक-एक बरोबरी, शेवटची मिनिटं, मेहुण्यानं बॉक्समध्ये स्लायडिंग टॅकल मारली ती उशिरा बसली. पेनल्टी. गोल. विषय संपला. मेहुण्यानं कंट्रोलर ठेवला आणि मंडळाचा माईक चालू असताना म्हणाला, "दाजी, तुमच्या डब्यानं घात केला. बटण दाबलं तवा बॉल हुता, पाय हलला तवा बॉल गेल्ता."

सगळ्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून घरातलं एकही कार्य असं झालं नाही की हा विषय निघाला नाही. त्याच्या लेकीच्या बारशाला मी दारात पाऊल टाकलं तर आतून आवाज, "दाजी आले, वायफाय जपा रे."

बायको म्हणते, जाऊ द्या की. नाही जाऊ देणार. मी तोच टीव्ही चार दिवसांसाठी मागून घरी आणला. मोबाईलला सेकंदाला २४० फ्रेमचं (चित्रांचं) स्लो मोशन असतं, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. मोबाईल असा लावायचा की कंट्रोलरवरचा अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चौकटीत येतील. बटण दाबायचं, मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं सरकवत बघायचं की अंगठा खाली गेल्यापासून खेळाडू हलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एकदाच करून उपयोग नाही. गेम स्वतः सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो, त्यातली प्रत्येक १६.७ मिलिसेकंदांची, त्यामुळे बटण मध्येच कुठं पडलं यावर आकडा पुढं-मागं होतो. बऱ्याच वेळा करून सरासरी काढायची.

कार्ड मध्ये लावून केलं, कार्ड काढून थेट वायरनं केलं. सरासरी तीच. मग टीव्ही 'डायनॅमिक'वरून 'गेम' मोडवर टाकला आणि २० च्या आसपास फ्रेम एकदम गळाल्या. म्हणजे ८० मिलिसेकंद कमी-जास्त, गेमच्या हिशेबात जवळपास ५ फ्रेम. रंग भडक करायला, हालचाल गुळगुळीत करायला टीव्ही प्रत्येक चित्र आधी स्वतःकडं ठेवून घेतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. गेम मोडमध्ये हे बहुतेक सगळं बंद होतं. घात झालाच असेल तर तो मेहुण्याच्या हिरवळीनं केला.

हे मी त्याला मोबाईलवर दाखवलं. वर हेही विचारलं, की बाबा, लॅग होता तर तो त्या वालचंदच्या पोरालाही होता, टीव्ही एकच होता ना? तर म्हणाला, "त्यास्नी हॉस्टेलवर असल्याच टीव्हीची सवय असतीय, दाजी." आता याच्यापुढं काय बोलणार.

तर तुमच्या मित्राला सांगा, आधी टीव्हीचा पिक्चर मोड बघ आणि मग दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेव.

कार्डाचं. हजाराच्या आतलं चालतं, पण काय मिळतंय ते समजून घ्या. १०८० रिझोल्यूशनचं सेकंदाला ६० फ्रेमचं चित्र दाबल्याशिवाय पाठवायचं तर सेकंदाला २५० एमबीच्या आसपास डेटा जातो. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. बसतच नाही. म्हणून ही कार्डं प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबतात (यालाच एमजेपेग म्हणतात) किंवा ३० फ्रेमच देतात. परिणाम मैदानावरच्या गवतात दिसतो, कॅमेरा फिरला की गवताचा चिखल होतो आणि लाल जर्सीच्या कडा बाहेर सांडतात. प्लॅस्टिक निळं आहे म्हणजे यूएसबी ३ आहे असं समजू नका, आत बऱ्याचदा २ च असतं. ओळखायची सोपी पद्धत: ओबीएसमध्ये कार्डाचे गुणधर्म उघडा, १०८० आणि ६० फ्रेम निवडा, आणि व्हिडिओ फॉरमॅटमध्ये एमजेपेग सोडून दुसरं काही मिळतंय का बघा. नसेल तर आत यूएसबी २ च आहे असं समजा. काही स्वस्त कार्डं विंडोजला आवाज ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून सांगतात, प्रत्यक्षात तो ४८ चा स्टिरिओ असतो. डावं-उजवं एकात मिसळून येतं आणि लोक वायर बदलत बसतात.

मित्रांना दाखवायला, यूट्यूबवर अधूनमधून टाकायला एवढं पुरे. नियमित चॅनल करायचा असेल तर खरं यूएसबी ३ चं आणि टीव्हीकडं सिग्नल सोडणारं कार्ड घ्या, पैसे साठवा, सहा महिने थांबा, पण तेच घ्या.

काळा पडदा आला तर कार्ड परत करायला पळू नका. पीएस४ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली एचडीसीपी (चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) चालू असतं, ते बंद करा. ही सोय २०१४ च्या एप्रिलमधल्या १.७० अपडेटनं आली. बंद असताना सिनेमाची अॅप चालणार नाहीत, घरच्यांनी बोंब मारली की परत चालू करा. पीएस३ वर हे बंद करताच येत नाही. तिथं लाल-हिरवी-निळी कंपोनंट वायर आणि ती घेणारं कार्ड लागतं.

रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल फॉरमॅटमध्ये करा. यावरही घरात वाद झालाय, तोही त्याच माणसाशी. 'एमपी४ सगळीकडं चालतंय' हे त्याचं म्हणणं. चालतंय, पण साध्या एमपी४ फाइलची सगळी अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली आणि पीसी बंद पडला की हातात दोन जीबीची न उघडणारी फाइल राहते. एमकेव्ही जिथं तुटली तिथपर्यंत नीट चालते. आमच्या स्पर्धेत सेमीफायनलला लाईट गेली, जनरेटर चालू होईपर्यंत सगळं अंधारात. पण तो सामना तुटेपर्यंतचा अजून माझ्याकडं आहे, कारण फॉरमॅट मी ठरवला होता. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून रीमक्स करून (म्हणजे आतलं चित्र तेच ठेवून फक्त फाइलचं वेष्टन बदलून) एमपी४ करता येतं, दर्जा तसूभर कमी होत नाही, वेळही फारसा लागत नाही. ओबीएसच्या नव्या आवृत्त्यांत मध्ये तुटलं तरी टिकणारं हायब्रिड एमपी४ पण आलंय, ते चालेल.

एन्कोडिंग, म्हणजे चित्र दाबून फाइल बनवायचं काम, प्रोसेसरवर टाकू नका, ग्राफिक कार्डाला किंवा इंटेलच्या क्विक सिंकला (इंटेलच्या चिपमधल्या याच कामाच्या खास भागाला) द्या. सेकंदाला २० मेगाबिटला ठेवलंत तर तासाला ९ जीबी धरा. ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, एनटीएफएस करून घ्या.

आणि हे खरं म्हणजे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. तुम्हाला फक्त गोलच्या क्लिपा हव्या असतील तर कार्ड घेऊच नका. पीएस४ स्वतः मागची १५ मिनिटं कायम धरून ठेवतो, सेटिंग बदलून ६० मिनिटांपर्यंत करता येतात. शेअर बटण दाबा, सेव्ह करा, पेन ड्राइव्हवर घेऊन पीसीवर टाका. साध्या पीएस४ वर ७२० मिळतं, प्रोवर १०८०. पूर्ण स्पर्धा, कॉमेंट्री, स्वतःचा चेहरा कोपऱ्यात असलं काही करायचं असेल तेव्हाच कार्ड.

वर जे लिहिलंय ते १०८० पुरतं. पीएस५ आणि ४के टीव्ही असेल तर स्प्लिटर आणि कार्ड दोन्ही ४के आणि एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) सोडणारे लागतात, नाहीतर कन्सोल सगळ्यात कमकुवत दुव्याला जे झेपतं तेच पाठवतो आणि टीव्हीवरही तेच दिसतं. १२० हर्ट्झवर खेळत असाल तर अजून वेगळा खर्च. आणि माझी ८० मिलिसेकंदं त्या एका टीव्हीची आहेत. तुमच्या टीव्हीवर कमी भरतील, जास्तही भरतील, मोबाईल घेऊन मोजा.

अपलोड करण्याआधी फिफाच्या मेनूतली गाणी बंद करा, नाहीतर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो. आमच्या फायनलच्या व्हिडिओवर आलाय. तो दावाही मेहुणा माझ्याच डब्याच्या खात्यावर टाकतो.