एका ‘वीकनेस’ची अनेक मराठी नावं
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

प्रश्न : ताप येऊन गेला की आमच्या घरात सगळे ‘वीकनेस आलाय’ म्हणतात. मराठीत अशक्तपणा म्हणावं की कमजोरी? आणि इंग्रजीत ‘आय हॅव वीकनेस’ हे वाक्य चालतं का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तापानंतर अंगात त्राण उरत नाही, तो अशक्तपणा. ‘कमजोरी’ फारसीतून आलेला शब्द आहे, कम आणि जोर. तो चुकीचा नाही, पण आजारपणाबद्दल बोलताना अशक्तपणा अधिक नेमका.

इंग्रजी वाक्य मात्र बदलायला हवं. आपण ‘ताप आहे’, ‘खोकला आहे’ म्हणतो, त्याच चालीवर ‘वीकनेस आहे’ म्हणतो आणि तेच इंग्रजीत नेतो. इंग्रजी बोलणारा माणूस तिथे विशेषण वापरतो : ‘आय फील वीक’. ‘वीकनेस’ हे नाम तो तेव्हा आणतो, जेव्हा कशात ते सांगायचं असतं. म्हणजे डाव्या हातात, युक्तिवादात, भिंतीच्या पायात. कुठे हे न सांगता ते नाम सोडून दिलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

लिहिताना ‘वी’ दीर्घच हवी. ‘विकनेस’ लिहिलं की डोळ्यांना आधी ‘विक’ दिसतं.

प्रश्न : वडिलांना इस्पितळातून घरी आणलं. कागदावर उजव्या पायासमोर ‘वीकनेस’ आणि ‘पॉवर 3/5’ असं लिहिलंय. म्हणजे अशक्तपणाच ना? टॉनिक सुरू करावं का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही, आणि हा फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. घरातला ‘वीकनेस’ म्हणजे थकवा, गळून गेल्यासारखं वाटणं, कधी भोवळ, कधी धाप. डॉक्टरांचा ‘वीकनेस’ म्हणजे स्नायूची मोजता येणारी ताकद कमी होणं. थकव्यासाठी त्यांच्याकडे ‘फटीग’ हा वेगळा शब्द आहे. माणूस अतिशय थकलेला असूनही त्याची ताकद 5/5 असू शकते, आणि अजिबात थकवा नसलेल्या माणसाचा एक पाय लुळा पडलेला असू शकतो.

तो आकडा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोजपट्टीवरचा आहे. 0 म्हणजे स्नायूत काहीच हालचाल नाही. 1 म्हणजे स्नायू फुरफुरतो, पण सांधा हलत नाही. 2 म्हणजे पाय गादीवर आडवा सरकतो, पण वर उचलता येत नाही. 3 म्हणजे वर उचलता येतो, मात्र वरून हलकासा दाब दिला तरी खाली येतो. 4 म्हणजे दाब सोसतो, पण निरोगी स्नायूइतका नाही. 5 म्हणजे पूर्ण ताकद. ही शाळेतल्या गुणांसारखी सरळ टक्केवारी नव्हे. 3 आणि 4 यांच्यामधलं अंतर खूप मोठं असतं आणि 4 वर अनेक जण महिनोन्‌महिने राहतात. वडिलांचा 3 आहे, म्हणजे ते पाय उचलू शकतात, पण त्यावर भार टाकून उभं राहताना तो दगा देऊ शकतो. न्हाणीघरात आणि पायरीवर आधाराशिवाय सोडू नका.

टॉनिकने हा आकडा वाढत नाही. अडचण मेंदूत, मणक्यात, मज्जातंतूत की खुद्द स्नायूत, यावर उपचार ठरतात. बहुतेकदा त्यात मोठा वाटा फिजिओथेरपीचा असतो.

डॉक्टरांना सांगतानाही ‘वीकनेस वाटतो’ एवढ्यावर थांबू नये. काय जमत नाही ते सांगावं. ‘पाटावरून उठताना हात टेकावा लागतो’ म्हटलं की मांडी आणि कमरेच्या स्नायूंकडे लक्ष जातं. ‘चप्पल पायातून निसटते’ म्हटलं की घोट्याकडे. ‘केस विंचरताना हात वर राहत नाही’ म्हटलं की खांद्याकडे. ‘जिना चढताना धाप लागते’ हे मात्र स्नायूंचं नव्हे, हृदय, फुप्फुसं किंवा कमी हिमोग्लोबिनचं लक्षण असू शकतं. चारही गोष्टींना आपण एकच इंग्रजी शब्द लावतो आणि तपासणीची पहिली 10 मिनिटं तो सोडवण्यात जातात.

आणि एक : तोंड अचानक एका बाजूला ओढलं गेलं, एका हाताची शक्ती गेली, बोलणं जड झालं, तर त्याला अशक्तपणा समजून झोपवून ठेवू नका. लगेच 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री शेवटचं ठीक कधी पाहिलं ती वेळ सांगावी.

प्रश्न : अकरावीच्या मुलांना वीकनेस, फ्रेल्टी, इन्फर्मिटी आणि फॉइबल यांतला फरक कसा समजावावा? शब्दकोशात चारही ठिकाणी ‘दुर्बलता’ दिलंय.
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : मुळापासून सुरुवात करा, गोव्यात तर ते सोपं आहे.

‘इन्फर्मिटी’ लॅटिनमधून आला : फर्म म्हणजे घट्ट, इन म्हणजे नसलेला. पोर्तुगीजमधला ‘एन्फेर्मारीया’, म्हणजे इस्पितळातला वॉर्ड, त्याच मुळाचा. 1842 साली पणजीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचं शिक्षण पोर्तुगीजमधून चालायचं, त्यामुळे जुन्या घरांत हा शब्द अजून कुणाच्या तरी कानावरून गेलेला सापडेल. इंग्रजीत इन्फर्मिटी म्हणजे टिकून राहिलेली व्याधी, बहुधा वयामुळे आलेली. आपल्या न्यायालयांत ‘लीगल इन्फर्मिटी’ असतो, तिथे त्याचं मराठी ‘कायदेशीर त्रुटी’. तिथे ‘दुर्बलता’ लिहिलं तर वाक्य हास्यास्पद होतं.

‘फ्रेल्टी’ आणि ‘फ्रॅजाइल’ ही एकाच लॅटिन शब्दाची दोन लेकरं, अर्थ चटकन मोडणारं. म्हणून त्यात आजच्या ताकदीपेक्षा उद्याच्या धक्क्याची भीती जास्त आहे. वृद्धांच्या वैद्यकात तो आता मोजण्याचा शब्द झालाय. वृद्धांच्या आजारांच्या अमेरिकी तज्ज्ञ लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी 2001 साली पाच खुणा ठरवल्या : न ठरवता वर्षभरात साडेचार किलोंहून जास्त वजन घटणं, सततचा थकवा, पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा अधिक असतील तर फ्रेल, एक-दोन असतील तर त्या वाटेवर. ‘जराजर्जर’ फार भारी होतं. आम्हाला ‘नाजूक प्रकृती’ किंवा ‘खंगलेपण’ पटतं.

‘फॉइबल’ मुलांना सगळ्यात आवडेल. तलवारीच्या पात्याचा मध्यापासून टोकापर्यंतचा कच्चा भाग म्हणजे फॉइबल आणि मुठीकडचा भक्कम भाग म्हणजे ‘फोर्ट’. ‘हे माझं फोर्टे नाही’, म्हणजे ही माझी जमेची बाजू नाही, असं इंग्रजीत म्हणतात, ते तिथूनच आलं. स्वभावातली लहानशी, निरुपद्रवी खोड म्हणजे फॉइबल. चहा बशीत ओतून पिणं हा फॉइबल, लाच घेणं हा नव्हे.

‘वीकनेस’ या तिघांपेक्षा व्यापक आणि साधा. ‘वीक’ उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, जर्मनमधला ‘वाइख’, म्हणजे मऊ, त्याचा नातलग.

प्रश्न : ‘आय हॅव अ वीकनेस फॉर बेबिंक’ याचं भाषांतर काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ‘बेबिंक (गोव्याची थराथरांची मिठाई) दिसलं की मला राहवत नाही.’ ‘वीकनेस’पुढे ‘फॉर’ आला की अर्थ दुबळेपणाचा राहत नाही, ओढीचा होतो. आधीचा ‘अ’ मात्र सोडू नका. पोर्तुगीजमध्येही ‘फ्राको’, म्हणजे दुबळा, हाच शब्द याच अर्थाने वापरतात.

प्रश्न : वर्तमानपत्रासाठी भाषांतर करतो. ‘वीक’ दिसलं की ‘कमकुवत’ लिहायची सवय झालीय. कुठे चुकतं?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बऱ्याच ठिकाणी. हवामान खात्याच्या भाषेत ‘वीक मान्सून’ला व्याख्या आहे : त्या दिवसाचा पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी. ‘मान्सून मंदावला’ लिहा. संपूर्ण हंगामच कोरडा गेला असं त्यावरून सुचवू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 46 मधले ‘वीकर सेक्शन्स’ म्हणजे ‘दुर्बल घटक’, हा रूढ शब्द बदलू नये. रुपया ‘घसरतो’, चहा ‘फिका’ असतो, मुलगा गणितात ‘कच्चा’ असतो.

रसायनशास्त्रात जास्त जपावं लागतं. ‘वीक अ‍ॅसिड’ला पाठ्यपुस्तकात सौम्य आम्ल म्हणतात, पाणी घातलेल्याला विरल आम्ल. सौम्य म्हणजे रेणू पाण्यात फारसे सुटे होत नाहीत. विनाग्रातलं, म्हणजे व्हिनेगरमधलं, अ‍ॅसेटिक आम्ल घ्या : त्याच्या एक-दशांश मोलर, म्हणजे बऱ्याच पातळ, द्रावणात 100 पैकी जेमतेम 1 रेणू सुटतो. पण तेच आम्ल पाणी न मिसळता, शुद्ध असेल तर कातडी भाजतं. बातमीत ‘कमकुवत आम्ल’ वाचून कुणी बाटली हातमोज्याशिवाय उचलली, तर चूक भाषांतराची.